पोकेमॉनचे भुताटकीचे हॅक: कोणता खेळायचा, कसा लावायचा

रावेर-यावल पट्ट्यात रात्रीच्या लाइटवर केळीला पाणी भरायला गेलेल्या माणसाला चकवा लागतो म्हणतात. बाग रोजचीच, वाट रोजचीच, पण फिरून फिरून माणूस त्याच बांधावर येतो. पोकेमॉनच्या भीतीदायक हॅकची, म्हणजे चाहत्यांनी मूळ गेममध्ये फेरफार करून बनवलेल्या आवृत्त्यांची, ताकद एवढ्यातच आहे. ज्याला मूळ गेमची वाट पाठ आहे त्यालाच चकवा लागतो. म्हणून रेड किंवा फायररेड हे पोकेमॉनचे मूळ गेम निदान एकदा शेवटपर्यंत खेळल्याशिवाय यातल्या कशालाही हात लावू नका. नवख्याला यातलं निम्मं कळणारसुद्धा नाही.

भीतीचं बी मूळ गेममध्येच आहे. १९९६ च्या रेड-ग्रीनमध्ये लॅव्हेंडर टाउनचा सात मजली पोकेमॉन टॉवर आठवा. भूत ओळखायचं यंत्र, सिल्फ स्कोप, नसेल तर समोर नुसतं ‘घोस्ट’ एवढंच नाव दिसतं आणि आपला पोकेमॉन घाबरून हल्लाच करत नाही. रक्त नाही, किंकाळी नाही, फक्त आपल्या हातातला ताबा काढून घेतलाय. या गावाच्या संगीतामुळे जपानमध्ये मुलं दगावली ही गोष्ट मात्र निव्वळ इंटरनेटची अफवा आहे, ती पुढे पाठवू नका.

हा धडा सगळ्यात चांगला गिरवलाय तो ‘ब्लॅक’ने. २०१० च्या अधिकृत ब्लॅक-व्हाइटशी याचा संबंध नाही. एका बनावट कार्ट्रिजबद्दलची (गेमची चिप असलेली डबी) इंटरनेटवरची भयकथा आहे आणि तिच्यावरून लोकांनी रेडचे हॅक बनवले. सुरुवातीलाच तुमच्याकडे एक घोस्ट असतो आणि त्याला एकच चाल येते, कर्स म्हणजे शाप. ती वापरली की पडदा काळा होतो, समोरच्या पोकेमॉनचा आवाज बिघडून येतो, आणि पडदा परत उजळतो तेव्हा तो तिथे नसतो. बेशुद्ध पडल्याचा संदेशही येत नाही. समोरच्या ट्रेनरच्या, म्हणजे पोकेमॉन लढवणाऱ्याच्या, बॉलच्या रांगेतला (एक बॉल म्हणजे एक पोकेमॉन) एक बॉल तेवढा कमी झालेला असतो. लढाई संपल्यावर तीच कर्स ट्रेनरवरही वापरता येते आणि तो उभा होता तिथे थडगं दिसतं. ज्यानं हजार वेळा बॉलची ती रांग पाहिली आहे, त्याच्या अंगावर काटा आणायला एवढं पुरतं. गेम बॉयच्या चार छटा आणि आवाजाच्या चार चॅनलमध्ये हे साधलंय, म्हणून मी याला या यादीत पहिला मानतो.

‘लॉस्ट सिल्व्हर’ हा तांत्रिकदृष्ट्या हॅक नाही, विंडोजवर थेट चालणारा छोटा स्वतंत्र गेम आहे. पॅच-बिच काही लागत नाही. टीम उघडली की पाच अननोन (इंग्रजी अक्षरांच्या आकाराचे पोकेमॉन) ओळीनं ‘लीव्ह’ हा शब्द बनवतात आणि सोबतच्या सिंडाक्विलचं नाव ‘हरी’ असं ठेवलेलं. निघ, लवकर कर! पुढे ट्रेनर कार्ड परत परत उघडून बघा. त्यावरच्या गोल्डचे, म्हणजे गेमच्या नायकाचे, हातपाय नाहीसे होत जातात. एरवी बॅज मोजायला उघडायचं ते कार्ड, तिथेच घाव घातलाय. एका बैठकीत संपतो, तसाच संपवा.

‘स्नेकवुड’ हा पोकेमॉन रुबीवरचा पूर्ण लांबीचा हॅक, त्यातल्या होएन प्रदेशात झोंबींनी घातलेला धुमाकूळ. उद्ध्वस्त गावं सुरुवातीला खरंच अस्वस्थ करतात. पण लेखकाला दर थोड्या वेळाने विनोद सुचतो आणि जमलेली भीती विरून जाते. कल्पना भारी, संयम कमी. मोठ्या सुट्टीत खेळायला ठीक.

‘इन्सर्जन्स’ डिसेंबर २०१४ चा, आरपीजी मेकर एक्सपी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बनवलेला. टोरेन प्रदेश, अघोरी पंथ, आणि तुम्ही पंथाच्या कैदेत स्मृती गमावलेल्या अवस्थेत. सुरुवातीला सौम्य की गडद कथा असा पर्याय विचारतात. गडदच निवडा, नाहीतर हा लेख वाचून उपयोग काय. घरातल्या लहान भावंडांच्या हाती मात्र देऊ नका, नरबळीचे प्रसंग आहेत. भीतीपेक्षा यात अंधारी कथा जास्त आहे, पण ती नेटाने सांगितली आहे.

आता लावायचं कसं. हॅक पॅच म्हणून, म्हणजे फक्त बदलांची फाइल म्हणून, मिळतो, मूळ गेम त्यात नसतो. तो स्वतःच्या कार्ट्रिजमधून काढलेला हवा. आधीच पॅच करून ठेवलेल्या तयार फाइल आणि अनोळखी एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपच्या फाइल) टाळा, आत काय कोंबलंय ते कळत नाही. पॅच मुख्यतः तीन प्रकारचे असतात. आयपीएस जुना, त्याला चेकसम, म्हणजे मूळ फाइल बरोबर आहे का ते तपासणारा आकडा, नसतो. त्यामुळे चुकीच्या आवृत्तीवर लावला तरी तो चकार शब्द काढत नाही. फायररेडच्या १.० साठीचा पॅच १.१ वर बसवला की डेटा भलत्या जागी पडतो: कधी सुरुवातीलाच पांढरा पडदा, कधी दोन तास नीट चालून एखाद्या दारातून जाताना गेम गोठतो. भयाच्या हॅकमध्ये ही मुद्दाम केलेली करामत वाटते आणि लोक तासभर वाट बघत बसतात! यूपीएस आणि बीपीएस मात्र चेकसम तपासून चूक तिथल्या तिथे दाखवतात. फायररेड १.० चा सीआरसी३२ (एक प्रकारचा चेकसम) आहे डीडी८८७६१सी. पॅच करण्याआधी जुळवून बघा. पॅच लावायचं साधन रॉम पॅचर जेएस ब्राउझरमध्येच चालतं, मोबाइलवरही, आणि फाइल निवडताच हा आकडा दाखवतं. मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, कारण पॅच नेहमी कोऱ्या प्रतीवर लावायचा. पॅचवर नवा पॅच चढवला की गोंधळ ठरलेला.

इम्युलेटर, म्हणजे जुन्या गेम मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, एमजीबीए घ्या, फुकट आहे. काही इम्युलेटरमध्ये सेव्हचा प्रकार हाताने फ्लॅश १२८ के असा निवडावा लागतो. तो चुकला की फायररेड सर्किट बोर्ड बसवलेला नसल्याचा इंग्रजी संदेश दाखवतो आणि सेव्ह होत नाही. तोही भुताचा खेळ नव्हे, सेटिंग बदला.

लाइट जाण्याचा त्रास आपल्याकडे आहेच. रुबी, फायररेड, एमरल्ड सेव्हच्या दोन प्रती आलटून पालटून लिहितात. लिहिता लिहिता लाइट गेली तर पुढच्या वेळी आधीची प्रत उघडते, म्हणजे नुकसान शेवटच्या सेव्हपुरतंच. आरपीजी मेकरच्या गेममध्ये सेव्ह ही संगणकावरची साधी फाइल असते, दर बैठकीनंतर तिची प्रत पेन ड्राइव्हवर काढा. सेव्ह स्टेटवर, म्हणजे इम्युलेटरने टिपलेल्या त्या क्षणाच्या प्रतीवर, विसंबू नका. हॅकची नवी आवृत्ती लावली की जुन्या स्टेटमधले मेमरीचे पत्ते जुळत नाहीत आणि गेम कोसळतो. गेमच्या आतलं सेव्ह बहुतेक वेळा टिकतं.

खेळायची वेळही महत्त्वाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात असताना दुपारी मोबाइलवर जॉयप्ले या अ‍ॅपमधून ‘इन्सर्जन्स’ चालवलं की फोन तापून प्रोसेसर मंदावतो आणि संगीत तुटक येतं. जीबीए (गेम बॉय अ‍ॅडव्हान्स) इम्युलेटर हलका, त्याला सहसा फरक पडत नाही. रात्री गच्चीवर, हेडफोन लावून खेळा. गडद गुहांमध्ये काहीच दिसत नसेल तर रंगदुरुस्तीचा फिल्टर बंद करा. जीबीएवर लाल, हिरवा, निळा प्रत्येकी ० ते ३१ इतकेच असतात. हॅकवाले २-३ वर रंग ठेवतात आणि स्वस्त स्क्रीनवर ते सरळ काळे होतात. फास्ट फॉरवर्ड मात्र अजिबात नको. कर्सनंतरचा तो काळा पडदा आठपट वेगाने गेला की उरतो नुसता गाळ.

लखलखाटाबद्दल गांभीर्याने सांगतो. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या टीव्ही मालिकेत लाल-निळा प्रकाश झपाट्याने लुकलुकला आणि ६८५ मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. ही अफवा नाही. काही हॅकमध्ये तसाच लुकलुकाट असतो. मिरगीचा त्रास असलेल्यांनी हे गेम खेळू नयेत. बाकीच्यांनीही खोलीतला दिवा चालू ठेवावा आणि स्क्रीन डोळ्यांजवळ धरू नये.

कार्ट्रिजमध्ये भरून मिळणारे हॅक ऑनलाइन स्वस्तात दिसतात, ते घेऊ नका. बऱ्याच कार्ट्रिजमध्ये फ्लॅश चिप नसते, सेव्ह एका लहान बॅटरीवर टिकवलेलं असतं. बॅटरी संपली की कित्येक तासांचं ‘स्नेकवुड’ एका रात्रीत साफ.