पार्किंगला पेव्हर ब्लॉक: एक अख्खा पावसाळा काढल्यानंतर

निकाल आधीच सांगतो. आमच्या किनाऱ्यावर हॉटेलच्या पार्किंगला डांबरापेक्षा ब्लॉक बरे. पण ब्लॉक कुठल्या कंपनीचा यावर जेवढा खल होतो, त्याच्या निम्मा जरी कडेच्या बांधणीवर आणि ढाळावर झाला तर पैसे वसूल होतील.

गणपतीपुळ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची खानावळ आणि वर राहायच्या खोल्या. पुढची जागा चार गुंठे, म्हणजे गाड्या वळवायची सोय धरून पंधरा-सोळा गाड्यांची. आधी डांबर होतं. इथे पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. डांबराला भेग पडली की पाणी आत शिरतं, खडीवरचं डांबर सुटतं, उरलेलं काम चाकं करतात. भर पावसात हॉट मिक्स मिळत नाही, त्यामुळे ऐन गणपतीत चाकरमानी यायच्या वेळी खड्ड्यात मुरूम टाकायचा आणि तो लाल चिखल गिऱ्हाइकांच्या चपलांबरोबर थेट लादीवर. शिवाय बसचं डिझेल जिथे ठिबकायचं तिथलं डांबर विरघळून भुसभुशीत व्हायचं ते वेगळंच.

म्हणून गेल्या मे महिन्यात, आगोटीच्या आधी, ब्लॉक बसवून घेतले. झिगझॅग, ८० मिमी जाडीचे, एम-४० ग्रेडचे. विकणारा ६० मिमीचेच गळ्यात मारायला बघतो, "गाड्या तर उभ्या करायच्यात" म्हणून. नुसत्या कार असतील तर ते चालतीलही, पण अंगारकीला आमच्याकडे टेम्पो ट्रॅव्हलर आणि बस लागतात, आणि बसचे ड्रायव्हर जाग्यावर उभं राहून स्टिअरिंग कापतात. फाटकाजवळ तसं रोज होतं. तिथे ब्लॉक एकमेकांत काटकोनात अडकवून बसवलेत, आणि तिथला एकही अजून हललेला नाही.

हलले ते भलतीकडेच. पूर्वेच्या बाजूला आमचा जुना चिऱ्यांचा गडगा आहे, चुना-सिमेंट काही न लावता रचलेला. बाकी तिन्ही बाजूंना काँक्रीटची पट्टी घातली, इथे मात्र ठेकेदार म्हणाला, "गडगा आहे की, तोच धरील." गडगा ब्लॉक धरतो, वाळू धरत नाही. जुलैत बघितलं तर गडग्याच्या पलीकडे, शेजारच्या आगरात, चिऱ्यांच्या फटींतून वाळूचे छोटे छोटे पंखे पसरलेले. ब्लॉकखालची दीड इंचाची गादी तिकडे वाहून चाललेली आणि अलीकडची ओळ चांगली दोन बोटं खाली बसलेली. गाडी लागली की पाणी पचकन वर यायचं.

ब्लॉकचा खरा गुण इथे कळला. उघडीप मिळाली तेव्हा पहारीने कडेच्या ओळी उचलल्या, गडग्याला लागून पट्टी ओतली, ती आवळल्यावर नवी वाळू पसरली आणि तेच ब्लॉक परत बसवून वरून प्लेट व्हायब्रेटर फिरवला. एकही नवा विकत आणावा लागला नाही. डांबराचं हेच झालं असतं तर दिवाळीपर्यंत खड्डा बघत बसलो असतो. ठेकेदाराने मजुरी निम्मी दिली, तीही तीन फोननंतर.

वाळूबद्दल एक. पुळणीवरची वाळू फुकट दिसते, पण ती घालू देऊ नका. खारट असते, आणि फार बारीक असल्याने पाण्याबरोबर निघून जाते. आम्ही धुतलेली क्रश सँड वापरली. सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडूने भरायची, आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा एकदा. सांधे रिकामे राहिले की आधी गवत येतं, मग ब्लॉक खडखडतात.

ढाळ दर दहा फुटांना अडीच इंच ठेवला आहे. एवढा असूनही जांभळीखाली, जिथे ऊन पोचत नाही, तिथे श्रावणात शेवाळ धरलंच आणि एक आजोबा घसरता घसरता वाचले. तिथे आता आठवड्याला काथ्याच्या ब्रशने घासणं आलं. प्रेशर वॉशरने काम झटकन होतं, पण नळी सरळ खाली धरली की सांध्यांतली वाळूही उडते, तिरकी धरावी. ब्लिचिंग पावडर मी टाळतो, उतार विहिरीकडे आहे. जांभळांचे डाग मात्र कशानेच पूर्ण जात नाहीत. डिझेलच्या डागावर लगेच लाकडाचा भुसा टाकायचा, मग साबणाचं पाणी. काळसर ठसा राहतो, पण ब्लॉकला धक्का नाही.

गटारावरची लोखंडी जाळी खाऱ्या हवेने पहिल्याच मोसमात पापुद्रे सोडायला लागली. बिडाची टाकली, जड आहे पण निवांत. पिवळे पट्टे साध्या रंगाने मारले होते, ते पार पुसट झालेत. त्यापेक्षा हद्दीच्या रेषेला पिवळे ब्लॉकच घातले असते तर रंगाऱ्याचा खर्च वाचला असता, असं आमच्या सौभाग्यवती म्हणतात, आणि हिशेब केला तर त्यांचं बरोबर निघतं.

मागच्या अंगणात फक्त दुचाक्या लागतात, तिथे ६० मिमीचे घालणार आहे. पट्टी चारही बाजूंना, ठेकेदार दुसरा.