कचऱ्यापासून ऊर्जा: भट्टी, बायोगॅस की गॅसिफायर?

कचऱ्यापासून ऊर्जा तयार करायचा प्रस्ताव आला की चर्चा यंत्रापासून सुरू होते: कोणत्या कंपनीचं, किती मेगावॅटचं, किती जागेत बसणारं. माझं म्हणणं, आधी कचऱ्यात पाणी किती आहे ते मोजा. निम्मा निर्णय त्या एका आकड्यावर होतो.

60 टक्के ओलावा असलेला एक किलो कचरा घ्या. त्यात कोरडा भाग 400 ग्रॅम. कोरड्या सेंद्रिय पदार्थाचा उष्मांक, म्हणजे जळल्यावर मिळणारी उष्णता, किलोला 16 ते 18 मेगाज्यूल धरला, तर एकूण 6.4 ते 7.2 मेगाज्यूल हाती लागतात. त्यातले सुमारे 1.5 आतल्या पाण्याची वाफ करण्यातच खर्च होतात. उरतात ते सुमारे 5 ते 5.7, आणि यात माती-खडे धरलेलेच नाहीत. भट्टीत जाणाऱ्या कचऱ्याचा उष्मांक वर्षभराच्या सरासरीने किमान 7 हवा आणि कोणत्याही ऋतूत 6 च्या खाली जाऊ नये, असं जागतिक बँकेची मार्गदर्शिका सांगते. असा कचरा जाळायला वरून इंधन ओतावं लागतं. मग त्याला ऊर्जा प्रकल्प का म्हणायचं?

मोजणी अवघड नाही. गाडी रिकामी करून ढीग नीट कालवायचा, त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे दोन बाजूला काढायचे. उरलेल्या ढिगाचं पुन्हा तसंच, हाताळण्याजोगा नमुना उरेपर्यंत. त्याचं वजन करायचं, 105 अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचं, पुन्हा वजन करायचं. हे पावसाळ्यात वेगळं आणि कोरड्या दिवसांत वेगळं करा. एकाच नमुन्यावर काढलेल्या अहवालावर प्रकल्प उभारू नका.

ओला कचरा वेगळा येत असेल तर माझं मत स्पष्टपणे बायोगॅसच्या बाजूने आहे. इथे पाणी ही अडचण नसून गरज असते. हवाबंद टाकीत साधारण 35 ते 40 अंशांवर जीवाणू काम करतात आणि 50 ते 65 टक्के मिथेन असलेला वायू मिळतो. स्वच्छ अन्नकचऱ्याच्या एका टनापासून 100 ते 150 घनमीटर बायोगॅस धरता येतो. इंजिनवर वीज केली तर 200 ते 300 युनिट. वीज थोडी वाटेल, पण मागे राहणारी स्लरी, म्हणजे पातळ गाळ, शेतात जाते आणि नत्र-स्फुरद मातीत परततं. जाळल्यावर नत्र तर हातचं जातंच.

मात्र ‘वेगळा’ हा शब्द इथे शब्दशः घ्या. प्लास्टिकच्या पिशव्यांच्या चिंध्या ढवळणीच्या पात्यांना दोरासारख्या गुंडाळल्या जातात, वाळू तळाशी बसून टाकीची क्षमता खाते. एकदम जास्त खाद्य घातलं की आम्लता वाढते, मिथेन करणारे जीवाणू मंदावतात आणि टाकी पुन्हा रुळावर यायला आठवडे लागतात. त्यामुळे टाकीइतकाच खर्च वर्गीकरणावर आणि रोजच्या देखरेखीवर धरा. ज्या प्रस्तावात हा खर्च दिसत नाही, तो अपुरा समजा.

भट्टीचं बलस्थान वेगळं आहे. पुनर्वापर करून झाल्यावर उरलेला, पुरेसा कोरडा, मिश्र कचरा तिला चालतो. आकारमान सुमारे 90 टक्क्यांनी घटतं. किलोला 9-10 मेगाज्यूलचा कचरा असेल तर टनामागे 500 ते 650 युनिट वीज निघू शकते, आणि जवळ उष्णता विकत घेणारं कोणी असेल तर फायदा आणखी वाढतो. वजनाच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाएवढी राख तळाशी उरते. ती एक वेळ बांधकामात खपते; पण धुराच्या गाळणीत साठणारी बारीक राख घातक असते, तिची स्वतंत्र विल्हेवाट लावावीच लागते. युरोपीय संघात ज्वलनवायू किमान दोन सेकंद 850 अंशांवर ठेवण्याचा नियम आहे. ओला कचरा घालून हे तापमान टिकत नाही, म्हणून ओलाव्याचा प्रश्न शेवटी शेजारी राहणाऱ्यांच्या श्वासाचा प्रश्न होतो. आणि जळणारं प्लास्टिक हे खनिज तेलच आहे. त्या भागाच्या विजेला अक्षय ऊर्जा म्हणणं मला मान्य नाही.

गॅसिफायर कागदावर सर्वांत आकर्षक दिसतो. कमी हवेत पदार्थ तापवून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचा ज्वलनशील वायू काढायचा. लाकडाचे एकसारखे, 20 टक्क्यांहून कमी ओलाव्याचे तुकडे असतील तर हे जमतं. मिश्र शहरी कचऱ्यात मात्र प्रत्येक खेप वेगळी असते, वायूत डांबर येतं आणि इंजिन चोंदतं. इंग्लंडमधल्या टीज व्हॅली इथले प्लाझ्मा गॅसिफिकेशनचे (विजेने अतितप्त केलेल्या वायूने कचरा तापवणारे) दोन मोठे प्रकल्प एअर प्रॉडक्ट्स या बलाढ्य कंपनीने 2016 मध्ये सोडून दिले. शहरी कचऱ्यासाठी मी हा पर्याय आज सुचवणार नाही.

काड, भुसा, फांद्या असा जैवभार हाताशी असेल तर तो शहरी कचऱ्यात मिसळू नका. कोरडा असल्याने तो बॉयलरमध्ये चांगला जळतो. काडात पोटॅशियम आणि क्लोरिन जास्त असल्याने राख लवकर वितळून नळ्यांवर चिकटते. लाकडासाठी बनवलेला बॉयलर काडाला जसाच्या तसा चालेल असं गृहीत धरू नका. सुटं काड फार जागा व्यापतं, म्हणून गठ्ठे किंवा पेलेट करण्याचा आणि वाहतुकीचा खर्च आधी मांडा.

सही करण्याआधी करारातलं एक कलम जरूर शोधा: ठरलेला कचरा दिला नाही तरी पैसे भरावेच लागतील का? भट्टी पंचवीस-तीस वर्षं चालते. या अटीखाली कचरा कमी करणारं, कागद-प्लास्टिक पुनर्वापराला पाठवणारं शहरच दंड भरतं. अट काढता येत नसेल, तर निदान त्यातला टनांचा आकडा आजच्या कचऱ्यावर ठरवू नका. पुनर्वापर वाढल्यावर उरेल त्या कचऱ्यावर ठरवा.