काखेतला घाम: ॲल्युमिनियम क्लोराइड की ग्लायकोपायरोनियम?

मे महिन्यात घाम सगळ्यांनाच येतो. पण एसीत बसूनही शर्टाच्या काखा ओल्या होत असतील, तर नुसत्या सुगंधी डिओने भागत नाही; तो फक्त वास झाकतो.

डॉक्टर बहुधा आधी ॲल्युमिनियम क्लोराइड सुचवतात, बऱ्याचदा २० टक्क्यांचं. त्याचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी बूच बसवतात. लावायचं रात्री, कारण झोपेत घाम कमी असतो; सकाळी धुऊन टाकायचं. बहुतेकांची चूक इथेच होते: आंघोळ करून लगेच ओल्या काखेत लावतात. पाण्याशी संयोग झाला की आम्ल तयार होतं आणि आग आग होते. काख ठणठणीत कोरडी हवी. काखेत ब्लेड फिरवलेल्या दिवशी तर याला हात लावू नये. घाम आटोक्यात आला की आठवड्यातून एक-दोनदा पुरतं. शिवाय स्वस्त.

ग्लायकोपायरोनियमचा मार्ग वेगळा. ते नळी बुजवत नाही, घर्मग्रंथीला मिळणारा मज्जातंतूचा निरोपच अडवतं. २.४ टक्क्यांच्या औषधी वाइपला अमेरिकेत २०१८ मध्ये, नऊ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी मान्यता मिळाली. दिवसातून एकदा, एकाच वाइपने दोन्ही काखा. जळजळ यानेही होऊ शकते, पण खरी काळजी वेगळी: तोंड कोरडं पडणं, लघवी अडणं. हात न धुता डोळा चोळला तर बाहुली विस्फारते, धूसर दिसतं. काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगाच.

मी सुरुवात पहिल्यानेच करेन. नीट वापरूनही फरक पडला नाही किंवा कातडी सोसेना, तर दुसऱ्याबद्दल त्वचारोगतज्ज्ञांना विचारावं.