फायब्रॉइडसाठी एम्बोलायझेशन करून घेतलं, आठ-नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

मी फायब्रॉइडसाठी, म्हणजे गर्भाशयातल्या कॅन्सर नसलेल्या गाठींसाठी, ऑपरेशन न करता एम्बोलायझेशन करून घेतलं, म्हणजे गाठींचा रक्तपुरवठाच बंद करतात, यूएफई म्हणतात त्याला. मुद्दाम एवढे महिने थांबून लिहितेय, कारण पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं दुखण्याबद्दलच लिहिलं असतं. आधी निकाल सांगून टाकते. अंगावरून जाणं थांबण्यासाठी उपाय खूप चांगला आहे, परत वेळ आली तरी मी हाच घेईन. पण पोटावर एकही टाका नसतो ना, त्यामुळे घरच्यांना, ऑफिसातल्यांना वाटतं हिला काही झालंच नाही, आणि बाईला जो आराम मिळायला हवा तो मिळत नाही. हे आधी कोणी नीट सांगत नाही म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

माझं वय ४४, नाशिकला राहते, दोन मुलं आहेत, नोकरी बसून करायची. गेली काही वर्षं पाळीत इतकं जायचं की रात्री दोन पॅड लावून खाली जुनी चादर घडी करून टाकायची, पाळीच्या दिवसांत ऑफिसला काळ्या नाहीतर गडद निळ्या सलवारीशिवाय दुसरं काही घालायचं नाही, आणि मीटिंग लांबली की उठताना आधी खुर्चीकडे बघायचं. हिमोग्लोबिन ७.४ वर आलं होतं. एक जिना चढला तरी धाप लागायची आणि केस विंचरायला हात वर धरला तरी थकवा यायचा. सोनोग्राफीत पिशवीच्या भिंतीत ८ सेंमीची एक गाठ आणि दोन बारीक दिसल्या. मोठी गाठ पुढच्या बाजूला, मूत्राशयावर दाब देत होती, म्हणून लघवीला सारखं उठावं लागायचं, मी आपलं ते वयामुळे होतंय समजत होते.

पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल. दुसरा काही पर्याय आहे का विचारलं तर म्हणाल्या गोळ्या घेऊन बघा, नाही थांबलं तर काढावीच लागेल. आपल्याकडे हे इतकं सरसकट आहे की बाईलाही त्यात काही वाटत नाही. माझ्या आईची काढलेली, मावशीची काढलेली. २०१९ मध्ये बीडकडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, सरकारने चौकशी समिती नेमली, तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळ केली, पण शहरात चांगल्या शिकलेल्या घरांमधल्या बायकांनाही दुसरा पर्याय न सांगता हाच सल्ला मिळतो. मी पिशवी काढण्याच्या विरोधात अजिबात नाही, माझ्या जाऊबाईंना खरंच गरज होती आणि त्या आज ठणठणीत आहेत, शिवाय फायब्रॉइड पुन्हा होणारच नाही अशी खात्री फक्त त्याच एका ऑपरेशनमध्ये आहे. माझं म्हणणं एवढंच की सगळे पर्याय समोर ठेवा आणि मग बाईला ठरवू द्या.

पुण्याला बहिणीकडे गेले होते तेव्हा तिच्या ओळखीच्या गायनॅकना रिपोर्ट दाखवले, त्यांनी एम्बोलायझेशनचं नाव काढलं आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टकडे, म्हणजे एक्स-रेवर बघत बारीक नळीने उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे काम सर्जन करत नाहीत, रेडिओलॉजिस्ट करतात, आणि मला वाटतं म्हणूनच ते बायकांपर्यंत पोचत नाही, कारण आपण पहिल्यांदा जातो गायनॅककडे. उपाय काही नवीन नाही. पॅरिसमध्ये रविना नावाचे डॉक्टर आणि त्यांचे सहकारी ऑपरेशनमध्ये रक्त कमी जावं म्हणून आधी गाठींचा रक्तपुरवठा बंद करायचे, तर बऱ्याच बायकांचा त्रास त्यानेच इतका कमी झाला की ऑपरेशनच लागेना, ते त्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलं. अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस यांनी २००४ मध्ये हीच प्रोसिजर करून घेतली होती.

होतं काय ते डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं. पिशवीला दोन्ही बाजूंनी एकेक मोठी रक्तवाहिनी येते, गाठी तिच्यावरच पोसतात. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी आत घालतात, एक्स-रेवर बघत बघत तिथपर्यंत नेतात आणि रव्याच्या कणाएवढे बारीक कण सोडतात. ते गाठीच्या वाहिन्यांत जाऊन अडकतात, गाठीचं रक्त बंद होतं आणि ती हळूहळू मरून आकसते. मग पिशवी कशी जगते, तर तिला आजूबाजूच्या दुसऱ्या वाहिन्यांतूनही थोडं रक्त मिळतं, गाठीला ती सोय नसते. हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली.

आधीच्या तपासण्या कंटाळवाण्या आहेत पण एकही टाळू नका. एमआरआय लागतोच, गाठी कुठे आहेत, त्यांना रक्तपुरवठा किती आहे, सोबत अ‍ॅडिनोमायोसिस (पिशवीचं अस्तर तिच्या भिंतीत वाढणं) आहे का हे सोनोग्राफीपेक्षा त्यात नीट कळतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट काम करते का याची रक्ततपासणी, बघतात कारण एक्स-रेवर वाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडतात तो डाय किडनीवाटे बाहेर जातो. आणि पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला घेतात, बायोप्सी. मला आधी वाटलं कशाला हवी, तर डॉक्टर म्हणाले पिशवी काढली की ती लॅबला जाते आणि काही वाईट असेल तर कळतं, इथे आपण काहीच बाहेर काढणार नाही, मग आधीच बघून घेतलेलं बरं. हे मला फार पटलं. रक्त वाढवायला लोहाचं सलाईन लावलं, गोळ्यांनी माझं पोट बिघडायचं, सलाईनने तसं काही झालं नाही.

प्रोसिजर संक्रांतीनंतर झाली. ती जिथे करतात ती कॅथलॅब भयंकर थंड असते. पूर्ण भूल नाही, गुंगीचं इंजेक्शन आणि जांघेत जागा बधिर करतात, माझी उजव्या जांघेतून केली. टोचलेलं कळलं, नंतर नुसतं दाबल्यासारखं. डाय सोडला की ओटीपोटात एकदम गरम वाटायचं, इतकं की मला वाटलं लघवी झाली, सिस्टर म्हणाल्या सगळ्यांना तसंच वाटतं, काळजी करू नका. मान वळवली की स्क्रीनवर काळ्या वेटोळ्या रेषांचं जाळं दिसत होतं, ती माझी गाठ. थोड्या वेळाने डॉक्टरांनी परत डाय सोडून दाखवला तर ते जाळं गायब, फक्त मोठी वाहिनी खुंटासारखी उरलेली. मग दुसरी बाजू. तासाभराच्या आसपास सगळं आटपलं.

आता त्या रात्रीबद्दल. मला सांगितलं होतं की पाळीसारखं दुखेल. पाळीसारखं नाही दुखत. गाठीचं रक्त तुटतं तेव्हा ज्या कळा येतात त्या माझ्या धाकट्याच्या बाळंतपणातल्या कळांच्या जवळपास होत्या, फरक एवढाच की मध्ये उसंत नव्हती. पाय सरळ ठेवून पडून राहायचं, कूस बदलायची नाही, लघवीची नळी, उलट्या. माझ्याकडे दुखण्याचा पंप होता, बटण दाबलं की ठराविक डोस जातो आणि मग काही मिनिटं तो लॉक होतो म्हणजे जास्त जाऊ नये. मी सुरुवातीला बटण दाबायला घाबरत होते, रात्रीच्या सिस्टर येऊन म्हणाल्या, ताई, दुखणं वाढायच्या आधी दाबायचं असतं, वाढल्यावर ते लवकर उतरत नाही. त्यांचं ऐकलं आणि पहाटेपर्यंत बरंच आटोक्यात आलं. म्हणून हॉस्पिटल ठरवताना रेट विचारण्याआधी हे विचारा की पहिल्या रात्री दुखण्यासाठी काय देणार, पंप आहे का, कमरेतून इंजेक्शन किंवा नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करायचं इंजेक्शन) देतात का, रात्री कोणाला हाक मारायची. पहिल्या चोवीस तासांचं दुखणं नीट सांभाळलं तर उरलेलं सगळं सोसवतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डिस्चार्ज मिळाला. मी बहिणीकडे चिंचवडलाच राहिले आणि आठवड्याने नाशिकला आले ते फार बरं झालं, नारायणगाव-संगमनेर रस्त्यावरच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला तेव्हाही पोटाला हात लावून बसले होते, लगेच निघाले असते तर हाल झाले असते. त्या आठवड्यात कणकण यायची, १०० च्या आसपास ताप, अंगात त्राण नाही, जेवण नको, नुसता मऊ भात आणि ताक. याला पोस्ट एम्बोलायझेशन सिंड्रोम म्हणतात, मरणाऱ्या गाठीवर शरीराची प्रतिक्रिया असते, सहसा आठवड्याभरात उतरते. पण ताप १०१ च्या वर जाऊन उतरत नसेल, अंगावरून घाण वासाचं जात असेल, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल किंवा पोटरी सुजून दम लागत असेल तर घरी वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. बद्धकोष्ठता हा वेगळाच त्रास, दुखण्याच्या गोळ्यांनी होते आणि आधीच पोट दुखत असताना नको होते, पहिल्या दिवसापासून इसबगोल आणि भरपूर पाणी घ्या.

खरा त्रास घरी आल्यावर. सासूबाई माझ्यावर माया करतात, डिंकाचे लाडू करून ठेवले होते त्यांनी, पण त्यांनाही वाटत होतं की जांघेत एवढीशी पट्टी आहे, मग ही झोपून का असते. शेजारच्या काकू म्हणाल्या, कापलं नाही ना काही, मग बरंय की. ऑफिसात दोन आठवड्यांची रजा मागितली तर विचारलं ऑपरेशन आहे का, नाही म्हटलं तर मग एवढी रजा कशाला. यात कोणाचं वाईट मन नव्हतं, आजारपण दिसलं तर लोक मानतात, दिसलं नाही तर मानत नाहीत. शेवटी मी डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर प्रोसिजरचं नाव, अ‍ॅडमिट असल्याची तारीख आणि विश्रांतीचे दिवस स्पष्ट लिहून घेतले आणि आमच्या ह्यांनी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं की हिच्या पोटात एवढी मोठी गाठ मरतेय, बाहेरून दिसत नाही म्हणून काम सांगायचं नाही. तुमच्याकडे हे बोलायला कोणी असेल तर त्यांना आधीच तयार करा. पाण्याच्या बादल्या, गहू-तांदळाचे डबे, गॅस सिलिंडर सरकवणं, यातलं काही नाही.

पुढचे बरेच आठवडे पाण्यासारखा, कधी तपकिरी स्राव जात राहिला, पॅड लावायलाच लागायचं. पहिली पाळी उशिरा आली आणि मी घाबरून बसले, पण आली ती कमी. दुसरी विचित्र, थांबून थांबून. तिसऱ्यापासून मात्र मला विश्वास बसेना, क्लॉट नाहीत, रात्री एक पॅड पुरतं. हिमोग्लोबिन आता ११.९ आहे. मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला पाळीच्या दुसऱ्या दिवशी फिकट पिस्ता रंगाची साडी नेसून गेले, हे वाचून कोणाला काही वाटणार नाही पण ज्या बाईने वर्षानुवर्षं गडद रंग घातलेत तिला कळेल.

सहा महिन्यांनी एमआरआय केला तर ८ सेंमीची गाठ ६.४ वर आलेली. रिपोर्ट बघून मी निराश झाले, एवढं सोसून दीड सेंमी? डॉक्टरांनी समजावलं की गाठ गोल असते, लांबी-रुंदी-जाडी तिन्हीकडून कमी होते, त्यामुळे आकारमान जवळजवळ निम्मं झालंय, आणि आकारापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आता तिच्यात रक्त जात नाहीये. लघवीचा त्रासही बराच कमी आहे, पूर्ण नाही गेला.

आता जे कोणी जाहिरातीत सांगत नाही ते. त्रास परत येऊ शकतो. ब्रिटनमध्ये रेस्ट नावाचा अभ्यास झाला होता, त्यात ५ वर्षांत एम्बोलायझेशन केलेल्या ३२ टक्के बायकांना पुन्हा काही ना काही उपचार लागला, ऑपरेशन केलेल्यांमध्ये हे प्रमाण ४ टक्के होतं. मी हे आधी वाचूनच ठरवलं, मला रजोनिवृत्तीपर्यंतची काही वर्षं काढायची आहेत, त्यानंतर गाठी आपोआप आकसतात. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायकांची पाळी या प्रोसिजरनंतर कायमची जाण्याची शक्यताही जास्त असते, ते विचारून ठेवा. देठावर लोंबणारी किंवा पिशवीच्या आतल्या पोकळीत आलेली गाठ असेल तर डॉक्टर दुसरंच काही सुचवतील, आतली गाठ पुष्कळदा दुर्बिणीने खालूनच काढता येते. आणि ज्यांना अजून मूल हवंय त्यांनी नुसत्या माझ्या अनुभवावर अजिबात जाऊ नये. त्यांच्यासाठी फक्त गाठ काढून पिशवी ठेवायची, मायोमेक्टॉमी, हा पर्याय सहसा आधी बघतात. २०२० मध्ये ब्रिटनमधलाच फेम नावाचा २५४ बायकांचा अभ्यास आला, त्यात एम्बोलायझेशन आणि मायोमेक्टॉमी दोन्हीकडच्या बायकांना बरं वाटलं पण दोन वर्षांनी आयुष्याचा दर्जा मायोमेक्टॉमीवाल्यांचा थोडा सरस निघाला.

खर्च माझा सगळा मिळून दीड लाखाच्या थोडा वर गेला, एमआरआय वेगळा. मेडिक्लेमवाल्यांनी आधी कॅशलेस अडवून धरलं, म्हणे ऑपरेशन नाही तर अ‍ॅडमिट कशाला. डॉक्टरांनी हिमोग्लोबिनचे जुने रिपोर्ट आणि प्रोसिजर का गरजेची आहे याचं पत्र दिल्यावर मंजूर झालं. बऱ्याच पॉलिसींमध्ये फायब्रॉइडला दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, तारीख घ्यायच्या आधी तेवढं कलम वाचा. डिस्चार्ज कार्डवर दोन्ही बाजूंच्या वाहिन्या बंद केल्या का आणि कुठले कण किती वापरले ते लिहून घ्या, आणि प्रोसिजरची सीडी मागून घ्या. मी मागितली म्हणून मिळाली, आणि नाशिकच्या गायनॅकना पुढचं सगळं त्यावरूनच समजलं.