७१ किलोचा रोअर: अजून एक हंगाम, की कोचिंगचा कोर्स?

पुण्याहून सुट्टीवर आलेला एक रोअर, म्हणजे नौकानयनपटू, मागच्या आठवड्यात नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या बांधावर भेटला. म्हणाला, "दादा, वजन ७१, वय २५. अजून दोन वर्षं वल्ही मारू, की कोचिंगचा कोर्स धरू?" तिथं उभ्या-उभ्या त्याला जे अर्धवट सांगितलं, ते इथं नीट लिहितो. नागपुरात या पेचात तो एकटाच असेल असं नाही.

आधी त्याच्या वजनी गटाचं काय झालं ते बघू. पुरुषांच्या हलक्या वजनी गटात कुणाचंच वजन ७२.५ किलोच्या वर चालत नाही आणि दोघांच्या बोटीत सरासरी ७०. जोडीदार ७२ चा असेल, तर आपण ६८ वर यायचं. महिलांसाठी हेच आकडे ५९ आणि ५७. शर्यतीआधी एक ते दोन तासांच्या आत काट्यावर उभं राहायचं. मित्र सावजीचा रस्सा ओरपताना आपण शेजारी काकडी चघळत बसायचं, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं.

हा गट १९९६ च्या अटलांटापासून ऑलिम्पिकमध्ये होता. २०२४ च्या पॅरिसनंतर तो गेला. भारताच्या दृष्टीनं हे साधं नुकसान नाही. बीजिंग आणि लंडनला आपली दुहेरी बोट याच गटातून गेली होती, आणि टोकियोत अर्जुनलाल जाट व अरविंद सिंग ११ वे आले, तेही याच गटात. पुढे हांगझोच्या आशियाई स्पर्धेत याच जोडीनं रौप्य मिळवलं. त्यामुळे "अजून एक हंगाम" या शब्दांचा अर्थ आता पाच वर्षांपूर्वीसारखा राहिलेला नाही.

खेळत राहायचं, तर ऑलिम्पिकचे दोनच रस्ते उरतात. एक खुला गट, जिथं वजनाची मर्यादाच नाही. तिथं शेजारच्या लेनमध्ये सहा फूट चार इंचांचा, नव्वद-पंचाण्णव किलोचा गडी असतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओला एकेरीत १३ वा आला, म्हणजे दार बंद नाही. पण दत्तूची उंची आणि आपली उंची एकदा आरशात बघून घ्यावी. दुसरा रस्ता बीच स्प्रिंटचा, जो २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा ऑलिम्पिकला येतोय: वाळूवर धावायचं, बोटीत उडी मारायची, बोयांना वळसे घेत २५० मीटर आत जायचं, सरळ परत यायचं आणि पुन्हा धावायचं. हलक्या, चपळ माणसाला हे जमू शकतं. अडचण एवढीच की नागपूरकराला समुद्र फक्त हवामानाच्या बातम्यांत दिसतो.

पाण्याचा प्रश्न कोचिंगलाही सुटत नाही. २००० मीटरचा, लेन आखलेला शर्यतीचा मार्ग इथं नाही. अंबाझरीत जलपर्णी, मे महिन्यात ४५ अंश. त्यामुळे खेळाडू असो वा कोच, घर सोडावंच लागतं. सगळे पुण्याच्या सीएमईकडे (लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे) धावतात, पण भोपाळचा मोठा तलाव आपल्याला जवळजवळ निम्म्या अंतरावर आहे, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही.

पैशाचं थोडक्यात: राज्य सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण पदकाच्या प्रमाणपत्रावर मिळतं, कोचिंगच्या डिप्लोमावर नाही. प्रमाणपत्र हातात नसेल तर खेळ सोडायची घाई करू नये. याबाबत माझं मत ठाम आहे.

आता खरा फरक. हलक्या गटातल्या माणसाकडे दांडगाई करायला वजनच नसतं. कॅचला, म्हणजे स्ट्रोकच्या सुरुवातीला, ब्लेड (वल्ह्याचं पातं) किती स्वच्छ पाण्यात गेलं, परत येताना आधी हात, मग पाठ, मग गुडघे हा क्रम पाळला की नाही, दोन स्ट्रोकच्या मध्ये बोट किती सरकली, यावरच त्याची शर्यत ठरते. असा डोळा कोचला सोन्यासारखा. ब्रिटनचे रॉबिन विल्यम्स स्वतः हलक्या गटातून आले आणि त्यांनी घडवलेल्या हेलन ग्लोव्हर व हेदर स्टॅनिंग यांनी २०१२ आणि २०१६ ला सुवर्ण जिंकलं, तेही खुल्या गटात.

पण विजेत्याची एक खोडही असते. त्याला जे अंगानं कळतं ते तोंडानं सांगता येत नाही. पंधरा वर्षांच्या पोराला "बोट फील कर" म्हणून काय समजणार? मीही पहिलं वर्षभर असंच ओरडत होतो. मग अर्गवर (रोइंगच्या मशीनवर) त्याच्या पाठीमागे बसून एकेका हालचालीला शब्द शोधायला लागलो, तेव्हा कुठं पोरं सुधारली.

कोच म्हणून राष्ट्रीय शिबिरापर्यंतची वाट लांब आहे. पटियालाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा (त्या वर्षी रोइंगची बॅच आहे का, ते आधी विचारावं), मग सब-ज्युनियर पोरं, मग राज्याचा संघ, आणि साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) व फेडरेशनच्या नजरेत येईपर्यंत कित्येक पहाटे. रोइंगचे कोच इस्माईल बेग यांना २००५ मध्ये द्रोणाचार्य मिळाला. त्यांचा शिष्य बजरंगलाल ताखर यानं भारताला आशियाई स्पर्धेतलं रोइंगचं पहिलं सुवर्ण दिलं ते २०१० मध्ये. कोचचा हंगाम चार वर्षांचा नसतो.

पदकाचं प्रमाणपत्र आहे, नोकरी लागलीय आणि अर्गचा वेळ दोन हंगाम तिथंच अडकलाय, तर मी कोर्सचा फॉर्म भरला असता. वेळ अजून उतरत असेल, तर खुल्या गटात एक हंगाम जरूर काढावा, पण वजन उतरवण्यासाठी उपाशी राहणं आजपासून बंद.

त्या पोरानं अजून काही ठरवलेलं नाही. रविवारी माझ्याकडची चार नवखी पोरं अर्गवर बसणार आहेत, तेव्हा त्याला बोलावलंय. अट एकच: हँडलला हात लावायचा नाही, करून दाखवायचं नाही, फक्त बोलून सुधारायचं.