पायलिंटचा तयार नियम, सेमग्रेप की घरचा चेकर?

इंदूरला सियागंजातल्या नमकीन व्यापाऱ्यांचं बिलिंग आम्ही पायथनमध्ये सांभाळतो. 'बिल' या क्लासखाली घाऊक, किरकोळ, परगावचं अशी पोरं (त्याच्यावरून बनलेले उपक्लास) वाढत गेली आणि निम्म्यांत बापाचीच मेथड पुन्हा लिहिलेली. ती पकडायला लिंटर (कोड न चालवताच त्यातल्या चुका दाखवणारं टूल) लावायचा, तर वाटा तीन.

पहिली आयती. पायलिंट या पायथनच्या लिंटरमधला 'यूसलेस-पॅरेंट-डेलिगेशन', कोड डब्ल्यू०२४६. मेथड नुसती सुपरला (म्हणजे बापाच्या मेथडला) हाक मारून तीच आर्ग्युमेंट्स पुढे ढकलत असेल तर हा नियम ती धरतो. डेकोरेटर (मेथडच्या डोक्यावरची '@'वाली ओळ) असला किंवा डिफॉल्ट व्हॅल्यू बदलली असली तर सोडतो. क्लासमध्ये समानतेची 'ईक्यू' मेथड लिहिली की पायथन त्याचा 'हॅश' (वस्तू सेटमध्ये ठेवायला लागणारी मेथड) नन, म्हणजे रिकामा, करून टाकतं, त्यामुळे तिथे फक्त सुपरला विचारणारा हॅशही गरजेचा असतो. पायलिंटला हे ठाऊक आहे. मला नव्हतं. मी तो फालतू समजून उडवला आणि बिलं सेटमध्ये टाकताच 'अनहॅशेबल टाइप'चा एरर हजर!

दुसरी वाट सेमग्रेप, अनेक भाषांच्या कोडमध्ये पॅटर्न शोधणारं टूल. त्यात नियम यामलच्या (साध्या सेटिंग फाइलच्या) दहाबारा ओळींत उभा राहतो. पण आर्ग्युमेंट्सच्या जागी तीन टिंबं (म्हणजे 'काहीही चालेल') दिली, की वाटेत आर्ग्युमेंट बदलणारी मेथडही उगाच अडकते. टिंबं काढली, तर पॅरामीटर एक असताना एक पॅटर्न, दोन असताना दुसरा. प्रोजेक्टमध्ये चार भाषा असतील तर ठीक. एकट्या पायथनसाठी मला हा खटाटोप पटत नाही.

आमचं खरं दुखणं मात्र कॉपी-पेस्टचं. सुपर नाहीच, बापाचा अख्खा मजकूर पोरात उतरवलेला. तो डब्ल्यू०२४६ ला दिसत नाही, तिथे तिसरी वाट, घरचा चेकर: पायलिंटचा प्लगइन स्वतः लिहावा लागतो. कल्पना सोपी: वरच्या क्लासांत त्याच नावाची मेथड शोधा, ॲस्ट्रॉइडकडून (पायलिंट कोड वाचायला वापरतो ती लायब्ररी) दोन्हींचा मजकूर काढून ताडा, कॉमेंट्स आणि मोकळ्या जागा आपोआप गळतात. गोम पुढेच आहे, कारण मजकूर एक असला तरी काम एक असेलच असं नाही. दोन अंडरस्कोरने सुरू होणारं 'दर' हे ॲट्रिब्यूट बापात बापाच्या नावाने साठतं, पोरात पोराच्या. मेथडमध्ये सुपर असेल तर पोरातली प्रत आधी बापाकडे जाते, आजोबाकडे नाही. फाइली वेगळ्या असतील तर एकाच नावाचा कॉन्स्टंट दोन्हीकडे वेगळा निघू शकतो. या तिन्ही ठिकाणी चेकरने गप्प बसायचं, आणि त्या प्रत्येकाची टेस्ट आधी लिहायची.

तेव्हा बाकी सगळे नियम बंद करून एकटा डब्ल्यू०२४६ आजच चालवून बघा. तेवढ्याने घाण निघाली तर प्लगइनच्या वाटेला जाऊ नका. नाही निघाली तर लिहा, पण पहिला महिनाभर त्याला नुसता इशारा देऊ द्या. बिल्ड अडवू देऊ नका.