मशीन उत्तम, फ्लोअरला वाली नाही: जिमच्या मेंबरशिपचा अनुभव

पुण्याच्या पश्चिम भागातली, घरापासून चालत जाण्यासारखी जिम. नाव लिहीत नाही, कारण मैत्रिणींच्या जिममध्येही थोड्याफार फरकानं हेच चालतं. जानेवारीच्या सवलतीत वर्षाची फी एकदम भरली होती. आता रिन्यूअलचे फोन सुरू झालेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी चांगलं ते सांगते. सामान खरंच उत्तम आहे. केबल कुठे अडकत नाहीत, डंबेल अडीच किलोपासून ३० किलोपर्यंत जोडीनं आहेत, स्क्वॉट रॅकला सेफ्टी पिना आहेत आणि बायकांची चेंजिंग रूम स्वच्छ असते. माझी तक्रार आहे ती संध्याकाळी सातनंतरच्या फ्लोअरबद्दल.

लेग प्रेसचंच घ्या, म्हणजे पायांनी वजन ढकलायचं मशीन. कुणीतरी दोन्ही बाजूंना २० किलोच्या चार-चार प्लेटा चढवतो, म्हणजे १६० किलो. सेट झाले की बाटली उचलून चालता होतो, प्लेटा तशाच. आमच्याकडे साठी उलटलेल्या एक काकू येतात. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पायांचा व्यायाम सांगितलाय. त्यांना ते मशीन रिकामंच लागतं, कारण प्लेटा नसल्या तरी त्याची पाटी जड असते. एका संध्याकाळी त्या मशीनपाशी उभ्या होत्या. बाहेरच्या प्लेटला दोन्ही हात लावले, जरा हलवून पाहिली, मग हात पदराला पुसून सायकलवर जाऊन बसल्या. मी आणि आणखी एकीनं मिळून प्लेटा उतरवल्या, तोवर त्यांची घरी जायची वेळ झाली होती. १६० किलो ढकलणाऱ्याला त्या आठ प्लेटा स्टँडला लावायला दोन मिनिटं पुरतात. एवढंही न करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

रॅकवर भरलेला रॉड टाकून जाणं तर सरळसरळ धोक्याचं आहे. रिकामा ऑलिम्पिक रॉड २० किलोचा असतो. एका बाजूच्या सगळ्या प्लेटा काढल्या आणि दुसऱ्या बाजूला भरपूर वजन राहिलं, तर रॉड उलटतो आणि मोकळं टोक उसळून वर येतं. दोन्हीकडून थोडं थोडं उतरवायचं असतं, हे नवख्या पोरांना कुणी सांगितलेलं नसतं. दुसऱ्याचं वजन घाईघाईनं उतरवताना आमच्याकडे हे एकदा झालं. आरशाला तडा गेला. तिथे कुणाचं डोकं नव्हतं, हे नशीब.

घामाबद्दल फार लिहीत नाही. बेंचवर टॉवेल टाकायचा, उठताना पुसायचं, हा नियम भिंतीवर आहे, स्प्रेची बाटलीही आहे. पण पावसाळ्यात गजकर्णाचे पेशंट वाढतात, आणि ते ओल्या कपड्यांतून, एकमेकांच्या टॉवेलमधून पसरतं, हे माहीत असूनही लोक शेजारच्याचा टॉवेल सहज उचलतात. बाहेरचे चिखलाचे बूट घालून थेट ट्रेडमिलवर चढणारेही आहेतच.

मशीन अडवून बसण्याबद्दल मात्र नीट बोलायला हवं, कारण यात सगळेच दोषी नसतात. जड वजन मारणाऱ्याला दोन सेटच्या मध्ये तीन मिनिटंही विश्रांती लागते. ती त्यानं घ्यावी. "किती राहिले?" विचारल्यावर "दोनच, या ना, अल्टरनेट मारू" म्हणणारी मुलं इथे आहेत आणि त्यांच्यामुळे माझा व्यायाम वेळेत होतो. त्रास होतो तो लॅट पुलडाउनच्या सीटवर बसून रील बघणाऱ्यांचा. कानात इयरफोन, मान खाली, समोर उभं राहिलं तरी वर बघत नाहीत. नाहीतर एकाच वेळी तीन मशीनवर टॉवेल, बाटली आणि किल्ली ठेवून "हे चालू आहे माझं" म्हणणारे.

मोबाईलचा दुसरा त्रास शूटिंगचा. डंबेल रॅकसमोर स्टँड लावायचा आणि मागे कोण आहे ते बघायचंही नाही. मागे डेडलिफ्टसाठी वाकलेली बाई कुणाच्या तरी व्हिडिओत जाते आणि तिला पत्ताही नसतो. मी दोघांना व्हिडिओ डिलीट करायला लावलेत. एकानं माफी मागितली, दुसरा म्हणाला, "तुम्हाला कोण बघतंय?" प्रश्न कोण बघतंय हा नाहीच. मला न विचारता माझं चित्रण करायचं नाही, बस्स.

आणि फुकटचे सल्ले. "मॅडम, असं नाही, कोपर आत घ्या," म्हणत थेट माझ्या कोपराला हात लावला एकानं. सपोर्ट मागितला असता तर गोष्ट वेगळी. शेजारीच एका तरुणाची वजन उचलताना पाठ चक्क गोल होत होती, त्याला शिकवायला कुणी गेलं नाही. बायकांनाच शिकवायची ही हौस माझ्याबरोबरच्या बहुतेक जणींनी अनुभवलीय.

आता मूळ मुद्दा. मला बदललेल्या शिफ्टमुळे मध्ये काही आठवडे सकाळी सहाला जावं लागलं. जिम तीच, मशीन तीच, सकाळी येणाऱ्यांतले निम्मे तर संध्याकाळीही कधीतरी दिसणारे. पण सकाळी लेग प्रेस रिकामं, डंबेल जागेवर. कारण सकाळचे ट्रेनर दादा. सकाळच्या दोन तासांत ते पीटी, म्हणजे एकेकट्या मेंबरचं वेगळे पैसे घेऊन पर्सनल ट्रेनिंग, घेत नाहीत, नुसते फिरत असतात. "ए, रॉड मोकळा करून जा", "टॉवेल कुठाय?", "फोन खाली, काकू थांबल्यात". आवाज चढवत नाहीत, पण सोडतही नाहीत. गणपतीत ते आठवडाभर गावी गेले तेव्हा सकाळच्या बॅचचीही संध्याकाळ झाली. म्हणून "लोकांना शिस्तच नाही" हे मला पटत नाही. माणसं तीच होती.

माझा भाऊ लहानपणी कोल्हापुरात तालमीत जायचा. चपला बाहेर, आखाड्यातली माती उकरायची, तिच्यावर पाणी मारायचं, हे सगळं पोरंच करायची, कारण वस्तादांची नजर असायची आणि ते आधी स्वतः करून दाखवायचे. संध्याकाळी आमच्या फ्लोअरवर तीन ट्रेनर असतात, तिघेही त्या वेळी आपापल्या पीटी क्लायंटच्या मागे. त्यांना दोष देत नाही. पगार तुटपुंजा, कमाई कमिशनवर. फ्लोअर सांभाळायचे पैसे त्यांना कुणी देतच नाही.

हे मी मॅनेजरना लेखी दिलं. आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "सर्व सदस्यांनी कृपया सहकार्य करावे" असा मेसेज आला आणि भिंतीवर नवा बोर्ड लागला. काही फरक पडला नाही. मग पुन्हा पाठपुरावा केल्यावर एका मुलाला फक्त संध्याकाळच्या फ्लोअरवर उभं केलं. त्या दिवसांत काकू सलग लेग प्रेस करत होत्या. मग त्या मुलालाही पीटी क्लायंट मिळाले.

तर निर्णय असा. वर्षाची मेंबरशिप पुन्हा घेत नाही. तीन महिन्यांची, सकाळच्या बॅचची घेतेय, तेही ते दादा आहेत तोवर. मॅनेजरना तसं स्पष्ट सांगितलंय. तुम्ही कुठेही फी भरणार असाल तर ट्रायल सकाळच्या निवांत वेळी घेऊ नका, तुमच्या रोजच्या गर्दीच्या वेळी जा. लेग प्रेसवर काय चढवून ठेवलंय ते बघा, आणि काउंटरवर एवढंच विचारा: या वेळी फ्लोअरवर पीटी न घेणारा ट्रेनर कोण आहे? नाव सांगता आलं नाही तर एकदम वर्षाचे पैसे भरू नका.